सात प्रश्नचिन्हं

आई ‘क’ची कळ दाबायची आणि पडद्याकडे बघत राहायची. क उमटायचा नाही. कळ नीट दाबली गेली नसेल असं वाटून ती पुन्हा दाबायची, आणि तेवढ्यात दोन ‘क’ एकदम उमटायचे. एक खोडायला जावं तर खोडायची कळही उशिरा लागू पडायची आणि दोन्ही पुसले जायचे. असं काही महिने चाललं. एक दिवस तिनं तो छोटा लॅपटॉप मिटला, वायर गुंडाळून त्यावर ठेवली आणि म्हणाली, ‘‘राहू दे गं. माझाच हात आता पहिल्यासारखा वळत नाही.’’

मी ते ऐकलं आणि खरं मानलं. तिची साठी उलटून गेली होती, चष्म्याचा नंबर वाढला होता, त्यामुळे हातही मंदावला असेल असं मला वाटलं. मी तिला मोठ्या अक्षरांचा टॅबलेट आणून दिला. त्यावर तिनं कधी काही लिहिलं नाही. लॅपटॉप कपाटाच्या वरच्या फळीवर गेला आणि तिथे वर्षानुवर्षं पडून राहिला.

तिच्या हाताला काहीही झालेलं नव्हतं. उशीर यंत्राकडून होत होता आणि दोष तिनं स्वतःच्या माथी घेतला होता. हे मला कळलं ते फार उशिरा, त्या यंत्रावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चढवायला बसले तेव्हा.

तो लॅपटॉप म्हणजे २००९ साली घेतलेला नेटबुक. हा शब्द आता कुणाच्या तोंडी नसतो, पण दोन-तीन वर्षं त्याचा मोठा बोलबाला होता. २००७च्या अखेरीला आसुसचा ई पीसी ७०१ बाजारात आला आणि सगळी सुरुवात झाली. सात इंची पडदा, ८०० बाय ४८० ठिपके, साठवणीला जेमतेम चार गिगाबाइट, वजन किलोच्या आत. त्याच सुमाराला शाळकरी मुलांसाठीचे हिरव्या-पांढऱ्या रंगाचे एक्सओ लॅपटॉप कारखान्यातून बाहेर पडू लागले. पुढच्या वर्षी इंटेलनं ॲटम नावाचा चिमुकला प्रोसेसर काढला आणि मग जवळपास प्रत्येक कंपनीनं आपापला नेटबुक आणला. यातले पहिले बरेचसे लिनक्स ही खुली, फुकट मिळणारी सिस्टिम घेऊनच आले होते, हे आता फारसं कुणाला आठवत नाही. विंडोजची तेव्हाची नवी आवृत्ती, व्हिस्टा, त्यांना झेपणारी नव्हती, म्हणून मग निवृत्तीच्या वाटेवर असलेल्या विंडोज एक्सपीला खास या छोट्या यंत्रांसाठी मुदतवाढ मिळाली.

आमचा नेटबुक दहा इंची. पडदा १०२४ बाय ६००, प्रोसेसर ॲटम एन२७०, वेग १.६ गिगाहर्ट्झ, मेमरी एक गिगाबाइट आणि १६० गिगाबाइटची फिरती हार्ड डिस्क. या एन२७०बद्दल मला खरंच जिव्हाळा आहे. त्यात ४ कोटी ७० लाख ट्रान्झिस्टर आहेत आणि त्याची भूक अडीच वॅटची. त्याच्या शेजारी बसवलेली चिप त्याच्याहून जास्त वीज खायची. मोठे प्रोसेसर पुढच्या सूचना आधीच उचलून, क्रम मोडून, अंदाजानं काम उरकून ठेवतात. हा मात्र आलेल्या सूचना आल्या त्या क्रमानं, एकामागून एक पुऱ्या करतो. २०१८च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर या दोन मोठ्या त्रुटी उजेडात आल्या आणि जगभरचे प्रोसेसर त्यात सापडले, तेव्हा हे जुने ॲटम सुखरूप राहिले. त्या त्रुटी अंदाजानं पुढे धावण्यातूनच येत होत्या, आणि हा धावतच नव्हता.

आईला तो आवडला तो त्याच्या आकारामुळे. मांडीवर मावायचा, पांघरुणावर ठेवता यायचा. तिला लिहायचा होता शब्दांचा संग्रह. आजीच्या तोंडी रोज असलेले, आता कानावर न पडणारे शब्द. डोळे ‘किलकिले’ करून बघणं, ‘निपचित’ पडणं, ‘निगुतीनं’ काम करणं. एकेक शब्द, त्यापुढे आडवी रेघ, मग अर्थ. दुसरं काही नाही. तारीख नाही, शीर्षक नाही.

पण एक्सपीत मराठी लिहिता यावी यासाठी आधी बरीच खटपट करावी लागली. ‘गुंतागुंतीच्या लिप्यां’साठी एका चौकोनात खूण करायची असायची, आणि ती केली की सिस्टिम मूळ सीडी मागायची. नेटबुकला सीडीची सोयच नव्हती. मी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्या फाइली पेनड्राइव्हनं आणल्या आणि पडद्यावर पहिल्यांदा सुटं, नीट देवनागरी अक्षर दिसलं. आई भारतीय लिप्यांसाठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकली. बऱ्याच जणांना तो अवघड वाटतो, पण तिला महिनाभरात बसला. त्याची रचना सुरेख आहे. काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. शब्द लिहिताना दोन्ही हात आळीपाळीनं पडत राहतात. ‘किलकिलं’ लिहायचं तर उजवा, डावा, उजवा, पुन्हा उजवा, डावा, उजवा, आणि शेवटी अनुस्वाराला डावा. सात ठोके. शेजारच्या खोलीत बसून मला तो ठेका ऐकू यायचा.

आणि मग तो मंदावला, माझ्यामुळे.

एप्रिल २०१४मध्ये एक्सपीचा आधार संपला, म्हणजे तिची डागडुजी कंपनीनं थांबवली. मी काळजीपोटी त्या नेटबुकवर पुढची, अंगानं भारी सिस्टिम चढवली, वर एक अँटिव्हायरस बसवला, आपोआप होणारे सगळे अपडेट चालू ठेवले. एक गिगाबाइट मेमरीत हे सगळं मावत नव्हतं. मेमरी भरली की सिस्टिम त्यातला थोडा भाग डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागला की परत आणते. मेमरीतून काही वाचायला लागणारा वेळ आणि फिरत्या डिस्कवरून वाचायला लागणारा वेळ यांत साधारण लाखपटीचा फरक असतो. म्हणजे आईनं कळ दाबल्यावर ते अक्षर दाखवणारा प्रोग्रॅम आधी डिस्कवरून परत आणावा लागायचा, तोवर अँटिव्हायरस त्याच डिस्कवर काहीतरी चाळत असायचा, आणि डिस्कचा एकुलता एक काटा दोघांच्या हाका ऐकत इकडून तिकडे पळायचा.

माणसाला सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंतचा उशीर सहसा जाणवत नाही. तेवढ्यात अक्षर उमटलं तर ते आपल्या बोटातूनच उतरलं असं वाटतं. त्याहून उशीर झाला की बोट वेगळं आणि अक्षर वेगळं होतं. एक-दोन सेकंद लागले की माणूस स्वतःवर शंका घेऊ लागतो. तरुण माणूस यंत्राला शिव्या देतो. साठीतली बाई स्वतःचे हात बघते. मला हे फार लागतं. कुठल्याही मंद यंत्रापुढे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला ‘सावकाश दाबा’ असं कुणी सांगितलं की मला आता गप्प बसवत नाही.

कपाट आवरताना नेटबुक हाती लागला. बॅटरी पार मेली होती, पण चार्जर लावल्यावर दिवा लागला. पहिल्याच पडद्यावर त्यानं तारीख चुकल्याचं सांगितलं. आतला सीआर २०३२, तो नाण्याएवढा सेल, संपला होता आणि यंत्राचं घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जाऊन बसलं होतं. खालचे स्क्रू काढून सेल बदलला. सेलाची जागा कीबोर्डखाली निघाली आणि कीबोर्ड उचलताना त्याची पातळ पट्टी तुटते की काय या भीतीनं मी श्वास रोखून धरला होता. पट्टी शाबूत राहिली. मग सगळ्यात आधी आईच्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. शब्द, शब्द२, शब्द३.

पहिली फाईल उघडली तर आत नुसती प्रश्नचिन्हं होती.

मला ती गोष्ट आठवली. अगदी सुरुवातीच्या दिवसांत फाईल साठवताना एक इंग्रजी सूचना आली होती आणि आईनं ‘ओके’ दाबलं होतं. ती सूचना सांगत होती की या प्रकारात साठवलंत तर तुमची अक्षरं जातील. ती गेली. देवनागरीतल्या प्रत्येक खुणेच्या जागी एक प्रश्नचिन्ह, मधल्या मोकळ्या जागा तशाच, आडव्या रेघा तशाच. आई तेव्हा काही बोलली नव्हती. तिनं शब्द२ सुरू केली होती.

आता या यंत्रावर काय घालावं याचा विचार सुरू झाला. सरळ शहाणपणाचं उत्तर लिनक्स होतं, पण मला आधी हायकू नावाची सिस्टिम घालून बघायची होती. ही माझी कितीतरी वर्षांची इच्छा.

हायकूची पूर्वज बीओएस ही सिस्टिम. ॲपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गासे यांनी १९९०मध्ये ‘बी’ नावाची कंपनी काढली आणि जुनं कुठलंही ओझं न घेता नवी सिस्टिम लिहायला घेतली. १९९५मध्ये त्यांनी दोन प्रोसेसरचा बीबॉक्स आणला. ॲपल ही सिस्टिम विकत घेणार अशी बोलणीही चालली होती, पण १९९६च्या डिसेंबरात ॲपलनं नेक्स्ट ही दुसरी कंपनी घेतली आणि बीचे दिवस फिरले. २००१मध्ये तिची मालमत्ता पाम या कंपनीला विकली गेली. ज्यांचा तिच्यावर जीव होता अशा लोकांनी त्याच वर्षी ठरवलं की आपण ती पहिल्यापासून, स्वतः, खुल्या पद्धतीनं लिहायची. २००४मध्ये त्या कामाला हायकू हे नाव मिळालं, कारण बीओएसच्या ब्राउझरमध्ये पान सापडलं नाही की जो संदेश यायचा तो तीन ओळींच्या हायकूत असायचा. पहिली अल्फा, म्हणजे अगदी कच्ची, आवृत्ती २००९मध्ये आली, त्यापुढची पहिली बीटा २०१८मध्ये, पाचवी बीटा सप्टेंबर २०२४मध्ये. वीसहून जास्त वर्षं माणसं एखादं काम असं लावून धरतात याचा मला फार आदर वाटतो. आमच्या नेटबुकच्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे त्याच्यासारख्या जुन्या प्रोसेसरना लागणारी हायकूची ३२ बिटांची आवृत्ती अजून निघते.

हायकू चढवणं फारच सोपं गेलं. तिची प्रतिमा, म्हणजे सगळी सिस्टिम भरलेली एक फाईल, पेनड्राइव्हवर लिहिली, यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, बायोसमध्ये जाऊन पेनड्राइव्ह पहिल्या क्रमांकावर आणला. पडद्यावर चित्रांची एक ओळ असते, ती एकेक करून उजळत जाते आणि शेवटचं चित्र उजळलं की निळा डेस्कटॉप समोर येतो. डिस्कवर वीस गिगाबाइटचा एक भाग काढून दिला, त्यावर ती शांतपणे उतरली. चालू केल्यावर एक गिगाबाइट मेमरीतला पाव भागही भरला नव्हता.

आणि मग मी खिडकी उघडली. बीओएसपासून चालत आलेली रचना अशी की प्रत्येक खिडकीला कामाचा स्वतंत्र धागा मिळतो. मागे कुणी कितीही राबत असलं तरी समोरची खिडकी तुमच्या हाताला लगेच ओ देते. मी एका खिडकीत मोठी फाईल नकलायला लावली आणि दुसऱ्या खिडकीची पिवळी पट्टी धरून ती पडद्यावर फिरवली. ती बोटाला चिकटल्यासारखी फिरली. त्याच ॲटमवर, त्याच फिरत्या डिस्कवर, त्याच एका गिगाबाइटात. आईचा हात म्हातारा झालाय असं आम्ही दोघी इतकी वर्षं धरून चाललो होतो. मी मोकळ्या फाइलीत इंग्रजी अक्षरं नुसती बडवत सुटले. क दाबला की क. तेव्हा मला आईचं ते वाक्य पुन्हा ऐकू आलं आणि पोटात कालवलं.

मी तिला हाक मारली. ‘‘आई, ये बघ, तुझा लॅपटॉप धावायला लागला.’’

तिनं चष्मा चढवला आणि शेजारी बसली. मी शब्द२ उघडली.

ती थोडा वेळ वाचत राहिली. मग म्हणाली, ‘‘अगं, हे कलिकलिं काय आहे?’’

पडद्यावर खरोखरच ‘कलिकलिं’ होतं. त्याखाली ‘नपिचति’. अर्थाच्या एका ओळीत ‘दविस’ होता, म्हणजे ‘दिवस’. आणि ‘अर्धवट’मधला रफार सुटून र एकटा पाय मोडून उभा होता.

देवनागरी लिहिताना पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, पण बोलताना ती नंतर येते, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देऊन साठवण्याच्या जागतिक पद्धतीत, ती बोलण्याच्या क्रमानं साठवली जाते. आधी क, मग वेलांटी. पडद्यावर काढताना मात्र कुणीतरी ती उचलून क-च्या डाव्या बाजूला नेऊन ठेवावी लागते. तेच जोडाक्षरांचं. युनिकोडनं देवनागरीला १२८ जागा दिल्या आहेत, त्यांत ‘क्ष’ला जागा नाही. तो क, पाय मोडल्याची खूण आणि ष अशा तीन तुकड्यांत येतो आणि दाखवताना जोडला जातो. ही जुळवाजुळव करणारा एक वेगळा भाग सिस्टिममध्ये लागतो. मी चढवलेल्या हायकूच्या स्वतःच्या खिडक्यांत तो भाग अजून नव्हता. अक्षरं तिच्याजवळ होती, ती आल्या क्रमानं एकापुढे एक ठेवली जात होती, म्हणून क-ची वेलांटी पुढच्या ल-वर जाऊन बसली होती.

आई हसली नाही, रागावलीही नाही. तिनं ‘नपिचति’ हळूच मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, ‘‘यात मला नाही गं लिहिता येणार.’’

त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं की प्रश्न फक्त वेगाचा आहे. पण अक्षर लगेच उमटलं आणि ते आपलं नसलं, तर त्या लगेचला काय अर्थ? हायकूबद्दलचं माझं प्रेम त्यानं तसूभर कमी झालं नाही. ती मूठभर लोकांनी मोकळ्या वेळात लिहिलेली सिस्टिम आहे आणि वेलांटीची जागा माहीत असलेलं कुणीतरी तिथे कधीतरी जाऊन बसेल. पण आईचा संग्रह तोवर थांबायला नको होता.

मग डेबियन, लिनक्सचाच एक अवतार. इथे वेळेचं गणित होतं. ३२ बिटांच्या यंत्रांसाठी दारं एकेक करून बंद होत चालली आहेत. लिनक्सवरच्या क्रोमनं ती २०१६मध्येच लावून घेतली, उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या मुख्य आवृत्तीनं २०१७मध्ये. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये ३२ बिटांच्या पीसीसाठी इन्स्टॉलर उरला नाही. जून २०२३चं डेबियन १२, बुकवर्म, हे तो देणारं शेवटचं. मी तेच घेतलं. आईच्या लिहिण्याला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे वायफाय बंदच ठेवायचं असं ठरवलं.

इन्स्टॉलर सुरू झाला तेव्हा आई शेजारीच होती. डेबियनचा इन्स्टॉलर दोन रूपांत येतो, साधा अक्षरी आणि चित्ररूप. अक्षरी रूपात भाषांची यादी आखूड असते, कारण जुळवाजुळव लागणाऱ्या लिप्या तिथे दाखवताच येत नाहीत. चित्ररूपात त्या येतात. मी चित्ररूप निवडलं आणि यादी खाली सरकवत गेले.

‘‘थांब, थांब,’’ आई म्हणाली. ‘‘मराठी आहे.’’

होती. नीट, रेघेवर, दुसऱ्या वेलांटीसकट. मी ती निवडली आणि पुढचे प्रश्न मराठीत आले. भाषांतर काही ठिकाणी अडखळतं, काही शब्द कुणी बोलत नाही असे आहेत. आई ते वाचत गेली आणि मध्येच सुचवत गेली की याच्याऐवजी हा शब्द बरा. कुणीतरी, कधीतरी, पैसा न घेता बसून या शेकडो ओळी मराठीत लिहिल्या आहेत. एवढ्या आडवाटेला, जिथे क्वचितच कुणी मराठी माणूस ‘मराठी’ निवडत असेल. त्या माणसांना माझं मनापासून वंदन आहे.

डेस्कटॉप हलका घेतला, फक्त एक पट्टी आणि खिडक्या. लिहायला एक साधा टेक्स्ट एडिटर. हायकूचा भाग तसाच ठेवला. यंत्र चालू होताना कुठली सिस्टिम उघडायची ते विचारणाऱ्या ग्रबच्या यादीत तिच्यासाठी चार ओळी हातानं लिहिल्या. ती माझी, रात्री एकटीनं उघडून बसायची. आईला यंत्र चालू करताना काही निवडावं लागू नये म्हणून डेबियन पहिलं ठेवलं.

मग फॉन्ट. इथे मी दोन संध्याकाळी घालवल्या आणि त्यांतला एकही क्षण वाया गेला असं मला वाटत नाही. देवनागरी एकच असली तरी मराठी वळणाचे ल आणि श वेगळे असतात. आपण शाळेत गिरवलेला ल दोन पाकळ्यांचा, मधून खाली उतरणारा, आणि श गाठीचा. बहुतेक फॉन्टांत आधी हिंदी वळण येतं. वाचता येतं, पण परक्याच्या हातचं वाटतं. डेबियनच्या भांडारात ‘लोहित मराठी’ नावाचा वेगळा फॉन्ट आहे. तो बसवला आणि ‘किलकिलं’ पुन्हा उघडलं. आईनं पडद्यावरच्या ल-वर बोट ठेवलं. ‘‘हा आपला ल.’’

वेलांटी उचलून जागेवर नेण्याचं काम इथे जी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, करते तिचं नाव हार्फबझ. ते फारसीवरून आलंय. हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. जुन्या मराठीतही ‘हरफ’ होता. आईनं तो लगेच शब्द३च्या शेवटी टिपून ठेवायला सांगितला.

‘‘तूच टिप,’’ मी म्हटलं आणि नेटबुक तिच्या मांडीवर सरकवला.

तिनं हात कीबोर्डवर ठेवले. किती वर्षांनी. ती जराशी थांबली आणि मी सांगायला लागले की कुठली कळ कुठे आहे, पण तिनं मान हलवली. ह. र. फ. तीन ठोके, तीन अक्षरं. ती थांबून वाट बघत होती, जुन्या सवयीनं. वाट बघायला काही नव्हतंच, अक्षर आधीच उमटलेलं होतं. आडवी रेघ. मग अर्थ. दुसऱ्या शब्दाला तिचं थांबणं कमी झालं, पाचव्या-सहाव्याला संपलं. मी उठून शेजारच्या खोलीत गेले आणि मुद्दाम दार ओढून घेतलं. उजवा, डावा, उजवा. तोच ठेका.

नंतर मी पुन्हा आत आले तर ती हात पुढे धरून बोटांकडे बघत होती. ‘‘म्हणजे हे ठीकच होते,’’ ती म्हणाली.

‘‘पहिल्यापासून ठीक होते, आई. यंत्र मी बिघडवलं होतं.’’

‘‘असू दे गं,’’ ती म्हणाली.

त्यानंतर आठवडाभरानं तिनं विचारलं, ती पहिली फाईल अजून आहे का. मी सांगितलं, आहे, पण तिच्यात काही नाही, सगळी प्रश्नचिन्हं. तिला बघायची होती. मी उघडून दिली.

??????? - ?????? ????

तिनं ती ओळ बराच वेळ बघितली. मग विचारलं, ‘‘एका प्रश्नचिन्हाला एक अक्षर?’’

‘‘एका अक्षराला नाही. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, पाय मोडला तर तोही वेगळा. तू एक कळ दाबलीस की एक प्रश्नचिन्ह.’’

‘‘म्हणजे सात ठोके,’’ ती म्हणाली. तिनं उजवा हात लॅपटॉपच्या कडेवर ठेवला, डावा मांडीवर, आणि डोळे मिटून बोटं आपटली. उजवा, डावा, उजवा. उजवा, डावा, उजवा. डावा. ‘‘किलकिलं. हाच मी पहिला लिहिला होता. अर्धवट उघडं. अर्धवटचे मोज.’’

अ, र, पाय, ध, व, ट. सहा. उघडं, चार. बरोबर.

माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, शब्द२ आणि शब्द३मधले सगळे शब्द घेऊन ठोके मोजणारा छोटा प्रोग्रॅम लिहून देते, तो जुळणारे शब्द काढून देईल. तिनं ऐकून घेतलं आणि नको म्हणाली. त्या फाइलीत चाळीसेक ओळी आहेत. ती रोज संध्याकाळी एक घेते. काही ओळी दोन-दोन दिवस सुटत नाहीत, मग ती स्वयंपाकघरात उभी असताना बोटं ओट्यावर आपटत असतात. कधी अर्थ आधी सापडतो आणि मग शब्द. सापडला की ती प्रश्नचिन्हं खोडत नाही, त्यांच्याखाली लिहिते.

काल रात्री मी तिच्या मागे उभी होते. पडद्यावर अकरावी ओळ होती.

???????? - ???? ??? ???????

‘‘आठ,’’ ती म्हणाली. ‘‘आणि मग चार, तीन, सात.’’ बोटं हलू लागली. ‘‘चार आणि तीन. अगदी कमी. अगदी कमी काय?’’ डावा हात थांबला, उजवा पुढे गेला. ‘‘उजेडाचा.’’

मग तिनं शब्दाच्या आठ प्रश्नचिन्हांकडे परत एकदा बघितलंही नाही. मिणमिणता, तिनं खाली लिहिलं, आणि बाराव्या ओळीवर गेली.